आमची वाटचाल: खाणीच्या ट्रकांपासून स्कोपच्या रिंगांपर्यंत

आमचं वर्कशॉप गोव्यात फोंड्याजवळ. वडिलांनी लेथ घेतला तो खाणींच्या जिवावर, ट्रकच्या पिना, बुश, बार्जचे शाफ्ट, रात्री उशिरापर्यंत काम चालायचं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि काम आटलं. त्याच काळात ओळखीतला एकजण एअर रायफल घेऊन आला, म्हणाला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) गेलाय, नेम रोज वेगळीकडे लागतो. स्कोप एकदम चांगला होता, त्याला रायफलीवर धरणाऱ्या मागच्या रिंगचे आटे गेलेले आणि स्क्रू नुसता फिरत होता. नवीन आटे पाडून दिले, मग त्याचे मित्र यायला लागले.

लोक अजूनही आधी स्कोपलाच दोष देतात, मला ते पटत नाही. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल आणि एक रिंग आडवी फक्त ०.१ मिमी सरकली तरी २५ मीटरवर नेम २५ मिमी चुकतो! त्यात स्प्रिंगवाली एअर रायफल असेल तर झटका दोन्हीकडून, पिस्टन सुटताना रायफल मागे येते, पिस्टन आपटून थांबला की पुढे उसळते आणि माउंट, म्हणजे रिंगांसकट स्कोपची बैठक, डव्हटेलवर (रायफलीवरच्या खाचेवर) हळूहळू मागे सरकत जातं, म्हणून ते अडवणारी स्टॉप पिन पाहिजेच.

आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने ओल. ॲल्युमिनियमच्या माउंटमध्ये स्टीलचा स्क्रू असला की पांढरी पूड धरते आणि स्क्रू तिथेच जाम होतो. रायफल रिकामी आहे याची खात्री करून आम्ही सगळे स्क्रू काढतो, आटे स्पिरिटने पुसतो, रिंगच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळतो. रिंगला आवळायचा जोर (टॉर्क) साधारण १.७ ते २ न्यूटन मीटर, कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच. हा जोर मोजून आवळणारा पाना, टॉर्क रेंच, हवाच, करकचून आवळलं की स्कोपची नळी दबते. आट्यात तेल घालू नका, त्याच टॉर्कला स्क्रू जास्त ताणला जातो. शेवटी स्क्रूवर पेंटची बारीक रेघ मारतो, रेघ तुटली की स्क्रू हलला समजायचं.

बॅरल-बोल्टचं काम आम्ही घेत नाही, ते परवानावाल्या गनस्मिथचं.

पाऊस लागायच्या आधी मेमध्ये एकदा आणि चवथ झाल्यावर एकदा दाखवून घ्या. येताना स्कोप काढून आणू नका, रायफलीवर बसवलेलाच आणा, नेमकं कुठे सरकतंय ते तसंच कळतं.