आईचा गळका डोळा
आज लातूरला आईच्या डोळ्यात नळी टाकून आणली. २ वर्षं झाले डावा डोळा नुसता गळायचा, गल्लीतल्या बाया विचारायच्या, काकू कामून रडायलाव? मागच्या वेळी डॉक्टरनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पिचकारीनं सलाईनचं पाणी सोडून बघितलं तर घशात थोडंच उतरलं, म्हणजे डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी आतली नळी अर्धवट बंद. पूर्ण बंद असती तर मोठं ऑपरेशन म्हणे. आज वरच्या अन् खालच्या पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून शेवईसारखी सिलिकॉनची ट्यूब पार नाकात ओवली, ती आता काही महिने आतच ऱ्हाणार. डोळा चोळायचा नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, नाहीतर ट्यूब सरकून बाहेर. अन् आईला काळजी कशाची, तर परवा मिरच्या कुटायच्यात त्याची!