शेजारच्या गच्चीवरून येणारा एफटी८

बोरिवली-मुलुंडसारख्या उपनगरांत दोन हॅमच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) गच्च्या एकमेकींना दिसतात. एकाच्या एफटी८ ने (संगणकामार्फत १५ सेकंदांच्या पाळ्यांत छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) दुसऱ्याचं ऐकणं बुडतं, आणि या भांडणाचं मूळ तिथेच आहे. ३ किलोमीटरवरून कोणी १४.०७४ मेगाहर्ट्झवर (२० मीटर बँडवर) १०० वॉट सोडले, तर कागदावरच्या हिशोबाने (मोकळी हवा, साधे अँटेना) तुमच्या रिगवर (रेडिओ संचावर) उणे १५ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद) पोचतात, म्हणजे सिग्नल-मीटरवरच्या एस-९ या जोरदार सिग्नलच्या खुणेच्या वर जवळजवळ ६० डीबी. इमारती आडव्या आल्या तर थोडे कमी. त्याच वेळी तुम्हाला हवा असलेला ब्राझीलचा स्टेशनवाला शहराच्या गोंगाटाच्याही २० डीबी खाली असतो.

पहिला दोषी एजीसी, म्हणजे सिग्नलच्या जोरानुसार रिसीव्हरचा गेन आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट. एफटी८ चं प्रसारण १२.६४ सेकंद अखंड चालतं, त्यामुळे एजीसी तेवढा वेळ गेन दाबून धरतं. वॉटरफॉल (पडद्यावर सिग्नल दाखवणारा आलेख) दर दुसऱ्या पंधरा सेकंदांत काळा पडत असेल तर हेच होतंय. एजीसी 'फास्ट' केल्याने काही फरक पडत नाही, कारण सोडायला मध्ये फट मिळतच नाही. एजीसी बंद करा. रिगमध्ये तशी सोय नसेल तर आरएफ गेन उतरवा. प्रीअँप (सिग्नल वाढवणारा) बंद, अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल घटवणारा) १२ डीबी. मुंबईत लिफ्टच्या मोटरी आणि एलईडी दिव्यांमुळे २० मीटरवर गोंगाट एस-६, एस-७ असतोच, तेव्हा १२ डीबीने काही हरवत नाही. खात्री करायची तर अँटेना काढून पाहा: गोंगाट अजूनही स्पष्ट खाली जात असेल तर ठीक.

मग साउंडकार्ड. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या प्रोग्रॅममधल्या आवाजाच्या पातळीच्या पट्टीवर गोंगाट ३० डीबी ठेवायचा असं सगळे सांगतात, आणि एरवी ते बरोबरच. पण १६ बिटांची कमाल ९० डीबीच्या आसपास आहे, म्हणजे वर ६० उरतात. शेजारी गोंगाटाच्या ७० वर असेल तर क्लिपिंग ठरलेलंच. पट्टी २० वर आणा.

वॉटरफॉलवर खोट्या रेघा दिसल्या की लगेच शेजाऱ्याला फोन लावू नका. आधी १२ डीबी अ‍ॅटेन्युएटर घाला. मूळ सिग्नल आणि रेघा दोन्ही १२ नेच उतरल्या, तर घाण त्याच्याकडून येते. रेघा त्याहून बऱ्याच जास्त उतरल्या, तर तुमचा रिसीव्हर ओव्हरलोड होतोय. त्याच्याकडची असेल तर बहुधा ऑडिओ चढवलेला असतो: ८०० हर्ट्झचा टोन १६०० आणि २४०० वरही उगवतो. प्रोग्रॅममध्ये 'स्प्लिट' (पाठवताना रिगची वारंवारता सरकवण्याचं सेटिंग) 'फेक इट' किंवा 'रिग' ठेवलं की टोन १५०० ते २००० मध्येच राहतो, दुप्पट वारंवारतेचा भाग फिल्टरबाहेर पडतो. ड्राइव्ह (रिगला दिलेला ऑडिओ) एएलसी (जादा ऑडिओ दाबणारं सर्किट) हलणार नाही इतकाच.

अरुंद फिल्टर? सुपरहेटमध्ये (पारंपरिक पद्धतीच्या रिसीव्हरमध्ये) ५०० हर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर एजीसीच्या आधी बसतो, खूप कामाचा. शेजारी त्या ५०० च्या आत असेल तर मात्र उपयोग शून्य.

यातलं काहीही न करता प्रश्न सोडवणारा उपाय म्हणजे वेळ जुळवणं. दोघांनी एकाच स्लॉटात (१५ सेकंदांच्या पाळीत) पाठवा: 'टीएक्स इव्हन/फर्स्ट' दोघांचं चालू किंवा दोघांचं बंद. मग दोघं एकदमच ऐकता. सीक्यू (कोणालाही दिलेली हाक) देताना हे सहज जमतं. हवा असलेला डीएक्सच (दूरचा स्टेशनवालाच) शेजाऱ्याच्या स्लॉटात पाठवत असेल, तर तुम्हाला उलट्या स्लॉटात जावंच लागतं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर "दहा मिनिटं थांब रे, किंवा ५ वॉटवर ये" एवढं पुरतं. १०० वरून ५ वॉट म्हणजे १३ डीबी.

मालाडकरांचा प्रश्न वेगळा. तिथे आकाशवाणीच्या मध्यम लहरींचे मनोरे आहेत. वॉटरफॉलवर रुंद, थरथरते पट्टे दिसले आणि एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) गाणी ऐकू आली, तर वरचं सगळं सोडा आणि आधी अँटेनाच्या वाटेत १.८ मेगाहर्ट्झखालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा, पण फक्त रिसीव्ह मार्गात. छोटे फिल्टर १०० वॉट सोसत नाहीत.