बिनसाखरेचा गोड चहा

"अगं, साखर घातलीस ना यात?" पहिल्याच घोटाला कप खाली ठेवत आईने विचारले, आणि गेली चार वर्षे साखर वर्ज्य असलेल्या तिच्या चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती एकदमच उमटली.

साखरेचा एक कणही त्यात नव्हता. नौपाड्यातल्या आमच्या घरी आज आल्याला सुट्टी देऊन मी व्हॅनिलाची चहापत्ती उकळत्या पाण्यात तीन मिनिटे झाकून ठेवली होती, इतकेच. व्हॅनिलाच्या वासाला स्वतःची गोडी नसते. पण आयुष्यभर तो आपल्याला कस्टर्ड, केक आणि आइस्क्रीमच्याच संगतीत भेटत आल्यामुळे नाकाने वर्दी देताच जीभ गोडाची साक्ष देऊन मोकळी होते.

मी तिला पत्तीतला शेंगेचा काळा तुकडा दाखवला. ही एका ऑर्किडची शेंग, आणि मूळच्या मेक्सिकोबाहेर ती धरावी म्हणून प्रत्येक फुलाचे परागीभवन हातानेच करावे लागते. त्याची सोपी युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या अवघ्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, हेही सांगितले.

"बारा वर्षांचा?" एवढेच म्हणून तिने कप पुन्हा उचलला.

मला स्वतःला हा चहा, खरे सांगायचे तर, जरा मिळमिळीतच वाटला. आईने मात्र दुसरा कप मागितला, तोही "असाच". इतकी वर्षे तिला साखरेची आठवण येत होती का, हे मी तिला कधी विचारलेच कसे नाही?