तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीवाल्यांना एवढा राग का येतो?

प्रश्न दरवेळी वेगळ्या शब्दांत येतो, पण असतो तोच. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत येतो, ऑफिसात येतो, पुण्याहून फोनवर धाकट्या भावाकडूनही येतो. "ते जुने अमेरिकन गाड्यांचे सिनेमे, ना गोष्ट ना अभिनय, समीक्षकांनी वाभाडे काढलेले. त्यांत तुम्हाला एवढं काय दिसतं? बरं, आवडतात तर आवडू देत. पण कुणी चार वाकडे शब्द लिहिले की तुम्ही लोक लगेच अंगावर का धावून जाता?"

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. पोटासाठी गाड्यांचे आवाज ऐकतो. म्हणजे नव्या गाडीत कुठे काय खडखडतंय, कण्हतंय, घुमतंय ते हुडकायचं आणि बंद करायचं. संध्याकाळी शेजारच्या एका निवृत्त टूलमेकरच्या गॅरेजमध्ये बसून हेच आवाज मुद्दाम मोठ्याने ऐकायचे. तेव्हा 'तुम्ही लोक' म्हणताना माझ्याकडे बोट दाखवलंत तर ते बरोबरच आहे.

आधी रागाचं बघू, कारण तो सिनेमापेक्षा जुना आहे. हॉट रॉड म्हणजे मुळात गरिबाची वेगवान गाडी. जुनी फोर्ड घ्यायची, शक्यतो 1932 ची. मडगार्ड, बंपर, जे जे काढता येईल ते काढून वजन उतरवायचं आणि भंगारातून मिळेल तेवढं मोठं इंजिन तिच्यात बसवायचं. दक्षिण कॅलिफोर्नियात सुकलेल्या तळ्यांची मैलोन् मैल सपाट जमीन होती, तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून पोरं या गाड्या पळवत. युद्धावरून परतलेल्या मुलांच्या हातात विमानांची आणि रणगाड्यांची इंजिनं खोलून बसवण्याची कला आली होती, मग हे वेड फोफावलं. तळी दूर आणि रस्ता दारात, त्यामुळे शर्यती गावात शिरल्या, माणसं मेली, आणि वर्तमानपत्रांच्या लेखी हॉट रॉडवाला म्हणजे गुंड ठरला. 1948 मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं आणि 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी राहिली, ती बरीचशी हा डाग पुसायला. शर्यत रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर न्यायची, हेल्मेट घालायला लावायचं, नियम करायचे.

हॉलीवूडला मात्र डागच विकायचा होता. पन्नाशीच्या दशकात ड्राइव्ह-इन थिएटरांसाठी, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या मैदानांसाठी, स्वस्तात सिनेमे निघाले. त्यांत गाडी दुरुस्त करता येणारा पोरगा दिसला की तो कुणाला तरी चिरडणार किंवा स्वतः कड्यावरून पडणार, हे ठरलेलं. 1967 च्या 'हॉट रॉड्स टू हेल' मध्ये तर एका सभ्य कुटुंबाला रस्त्यात छळण्यापलीकडे या पोरांना काही उद्योगच नाही. त्या सिनेमाची समीक्षकांनी सालं काढली तर आमच्यातला एकही जण रागावत नाही. उलट आम्ही चहा पाजू.

ज्यांची वीस वर्षं अशी खिल्ली उडाली, त्यांच्या वाट्याला एकदाचा असा सिनेमा आला ज्यात कुणीतरी बॉनेट उघडून आत नीट बघितलं होतं. तो ते छातीशी धरणारच.

माझ्यासाठी तो सिनेमा म्हणजे 1971 चा, माँटी हेलमनचा 'टू-लेन ब्लॅकटॉप'. दोन तरुण एका करड्या, रंग न दिलेल्या 1955 च्या शेवरलेमधून गावोगावी पैजा लावत फिरतात. वाटेत नव्याकोऱ्या पाँटिअॅक जीटीओवाला एक मध्यमवयीन माणूस भेटतो आणि वॉशिंग्टन डीसीपर्यंत शर्यत ठरते. पणाला काय, तर आरसी बुक. जो हरेल त्याने गाडी द्यायची. मुख्य भूमिकांत जेम्स टेलर हा गायक आणि बीच बॉइज या बँडचा ड्रमर डेनिस विल्सन. दोघांनीही आधी कधी सिनेमात अभिनय केलेला नव्हता आणि नंतरही नट म्हणून पुढे आले नाहीत. पात्रांना नावं नाहीत. श्रेयनामावलीत 'ड्रायव्हर', 'मेकॅनिक', 'मुलगी' आणि चौथ्या पात्राचं नाव थेट त्याच्या गाडीचं, 'जीटीओ'.

या सिनेमाची गंमत अशी की त्याचं आधी कौतुक झालं आणि मग तो पडला. 'एस्क्वायर' मासिकाने प्रदर्शनाआधीच, एप्रिल 1971 च्या अंकात, अख्खी पटकथा छापली आणि मुखपृष्ठावर त्याला वर्षातला सर्वोत्तम सिनेमा म्हणून पुढे केलं. लोक फिरकले नाहीत. वर्ष संपताना त्याच मासिकाने आपल्या फजितीच्या वार्षिक यादीत हे स्वतःचंच मुखपृष्ठ घातलं. पुढे अनेक वर्षं गाण्यांच्या हक्कांमुळे व्हिडिओवरही तो मिळत नव्हता. 2012 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या सिनेमांच्या यादीत, त्याची निवड झाली, तोवर चाळीस वर्षं उलटली होती.

नावं ठेवणाऱ्यांचा आक्षेप तेव्हा होता तोच आजही आहे. हे दोघे लाकडासारखे बसतात, बोलत नाहीत, चेहऱ्यावर काही उमटत नाही. खरं आहे. टेलरच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. पण पार्श्वसंगीत जवळजवळ नसलेल्या या सिनेमात पावणेदोन तास बोलतंय कोण, ते ऐका ना. शेवरलेत 454 घनइंचांचं इंजिन आहे, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास. उभी असताना ते लंगडतं, धब-धब, एक ठोका चुकल्यासारखं. कारण कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, शर्यतीचा आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह काही क्षण एकदम उघडे राहतात, त्यामुळे कमी वेगात श्वास नीट लागत नाही आणि वेग वाढला की तेच इंजिन मोकळं होतं. गिअरबॉक्स मन्सी एम-22. या गिअरबॉक्सला इथे 'रॉक क्रशर' म्हणतात. त्याचे दात नेहमीपेक्षा कमी तिरके कापलेले असतात, म्हणून तो जास्त ताकद पेलतो आणि म्हणूनच सारखा कण्हतो. ऑफिसात असा आवाज माझ्या टेबलावर आला तर तो मारायला मला महिनाभर पगार मिळेल. इथे तो नायकाचा आवाज आहे. गाडी बनवणाऱ्या रिचर्ड रुथने पुढचा भाग, दारं आणि डिकीचं झाकण फायबरचं केलं, वजन कमी व्हावं म्हणून. रंग दिला नाही, नुसता प्रायमर. ज्यांनी सगळे पैसे इंजिनात घातलेत आणि ज्यांना दिसण्याची पर्वा नाही अशी ही माणसं आहेत, हे संवादाच्या एका ओळीशिवाय कळतं.

समोरचा जीटीओवाला याच्या अगदी उलट. तोंड थांबत नाही. रस्त्यात उचललेल्या प्रत्येक प्रवाशाला तो स्वतःची वेगळी कहाणी सांगतो आणि गाडीबद्दल विचारलं की कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे घडाघडा म्हणतो. हात कधी काळे न झालेला माणूस. वॉरन ओट्सने हे काम असं केलंय की समीक्षकांनाही ते आवडलं, आणि का आवडलं हे उघड आहे. तो माणसासारखा बोलतो. अर्धा सिनेमा त्यांना कळला, एवढंच मी म्हणेन.

खेड-मंचरकडच्या बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ मी इथल्या सहकाऱ्यांना दाखवला तर त्यांना धूळ दिसते. माझ्या मामाला बैल दिसतात, घोडी पुढे कशी काढली ते दिसतं, कुठली जोडी घाटात वर दम टाकेल ते दिसतं. उद्या एखाद्याने 'शर्यतीत धुळीशिवाय काही नाही' असं छापलं तर मामा त्याला काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही.

आता आम्ही लोक सिनेमांवर प्रेम करतो म्हणजे त्यांना माफ करतो, असा एक गैरसमज आहे. आमच्याइतका खडूस समीक्षक पृथ्वीवर नाही. 1968 चा 'बुलिट' घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा तो पाठलाग, हिरवी मस्टँग आणि काळी डॉज चार्जर. चार्जरच्या चार चाकांवरून चारपेक्षा जास्त व्हीलकॅप उडतात आणि एकाच हिरव्या फोक्सवॅगन बीटलला दोघे पुन्हा पुन्हा ओव्हरटेक करतात, हे आमच्यातल्या कुणीतरी मोजलंय. 'व्हॅनिशिंग पॉइंट' मध्ये पांढरी चॅलेंजर शेवटी बुलडोझरवर आदळते, तिथे एक एक फ्रेम थांबवून आम्हीच सांगितलं की आदळली ती चॅलेंजर नाहीच, ती 1967 ची कमॅरो आहे. 2001 च्या 'फास्ट अँड द फ्युरिअस' मध्ये शर्यतीच्या मधोमध लॅपटॉपवर मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, धोका असल्याची सूचना येते आणि पायाखालची पत्र्याची फळी गळून पडते. या एका दृश्यावर गॅरेजांतून इतकी वर्षं हसणं चालू आहे. मॅनिफोल्ड आणि फळीचा संबंध काय, हे अजून कुणालाही लावता आलेलं नाही.

आणि जिथे समीक्षकांचं बरोबर आहे तिथे आहे. 'व्हॅनिशिंग पॉइंट' मला आवडतो, पण त्यातल्या दोन समलिंगी लुटारूंचं चित्रण किळसवाणं आहे, आणि बायकांना या अख्ख्या जातीच्या सिनेमांत बाजूच्या सीटवर बसण्यापलीकडे काम नसतं. हे कुणी लिहिलं तर त्याच्यावर धावून जाणाऱ्या आमच्या लोकांशी मी वाद घालतो. गाडी उत्तम असली म्हणून पटकथेचे गुण वाढत नाहीत.

पण 'गाडी हेच पात्र आहे' हा आमचा जो हुकमाचा एक्का, तो खरोखर कोर्टात गेला होता. 1974 चा 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' एच. बी. हॅलिकी नावाच्या भंगारवाल्याने काढला. लेखक तो, दिग्दर्शक तो, निर्माता तो, नायक तो, स्टंटही त्याचेच. धड पटकथा नव्हती. गाड्या मोडल्या त्र्याण्णव. पाठलागात एका ठिकाणी तो ताशी शंभर मैलांच्या आसपास खरोखर दिव्याच्या खांबावर आदळला, आणि तो अपघात त्याने सिनेमात तसाच ठेवला. सिनेमा म्हणून तो ओबडधोबड आहे, मी नाकारत नाही. पण श्रेयनामावलीत कलाकार म्हणून मान दिलाय तो 'एलेनॉर' ला, म्हणजे पिवळ्या मस्टँगला. हॅलिकी 1989 मध्ये याच सिनेमाचा पुढचा भाग करताना एका स्टंटच्या तयारीत गेला. 2000 साली निकोलस केजला घेऊन नवा सिनेमा आला, समीक्षकांनी त्याला यथेच्छ बदडलं, आणि त्यातली करडी, काळ्या पट्ट्यांची एलेनॉर मात्र जगभर पोरांच्या भिंतींवर गेली. त्या चित्रीकरणातली एक गाडी 2013 च्या लिलावात दहा लाख डॉलरला गेली.

एलेनॉरवर मालकी कुणाची, यावरून हॅलिकीच्या पत्नीचा आणि मस्टँगच्या वेगवान आवृत्त्या काढणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या कंपनीचा वाद वर्षानुवर्षं चालला. बॅटमॅनच्या गाडीला 2015 मध्ये पात्र म्हणून कॉपीराइट मान्य झाला होता, त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांना आशा होती. मे 2025 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की एलेनॉर पात्र नाही, ती प्रॉप आहे, म्हणजे चित्रीकरणातली नुसती वस्तू. एकदा पिवळी, एकदा करडी, एकदा गंजलेली. तिला ठरलेलं रूप नाही, विचार नाही, स्वभाव नाही.

गॅरेजमध्ये त्या संध्याकाळी सुतक होतं. मला मात्र निकाल पटला, आणि त्यामुळे माझं स्वतःचं म्हणणं जरा सरळ झालं. गाडी पात्र नाही. गाडी नट आहे. 'टू-लेन ब्लॅकटॉप' मधली ती करडी शेवरले दोन वर्षांनी काळा रंग लावून 'अमेरिकन ग्राफिटी' त आली, हॅरिसन फोर्डच्या हातात, आणि ज्या गाडीसाठी आपण आधी जीव मुठीत धरला होता ती आता हरावी असं वाटायला लागलं. तीच गाडी, तेच इंजिन, भूमिका खलनायकाची. कमॅरोने चॅलेंजरसाठी उडी घेतली, ती तर डमीचं काम करणाऱ्या स्टंटवाल्याचीच. समीक्षकाने अभिनय वाईट म्हणावा, खुशाल म्हणावा. फक्त आधी सगळे नट बघावेत.

दर ऑगस्टमध्ये इथे वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते, मैलच्या मैल. गेल्या खेपेला एका करड्या एलेनॉरपाशी थांबलो होतो. अर्थात नक्कल. साध्या मस्टँगवर फायबर चढवलेलं. मालक आणि एक म्हातारा यांची जुंपली होती. म्हाताऱ्याचं म्हणणं, या सिनेमामुळे लोकांनी किती चांगल्या मस्टँग कापल्या, आणि पुढचे ते दिवे कुठल्याही शेल्बीला असे नव्हते. मालक म्हणत होता, सिनेमातल्या गिअर बदलण्याचा तर मलाच राग येतो, पण दिव्यांना नाव ठेवायचं नाही. दहा मिनिटं त्या सिनेमाची दोघांनी मिळून जी पिसं काढली, तशी कुठल्या वर्तमानपत्राने काढली नसतील. तेवढ्यात आइस्क्रीम खात चाललेला एक तरुण बायकोला म्हणाला, "अगं, ही त्या भिकार सिनेमातली गाडी."

दोघेही एकदम वळले. म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "चौऱ्याहत्तरचा पाहिलायस?"