तुम्ही विचारलंत म्हणून: धावली ती, मग तुम्ही काय केलंत?

गेल्या जूनपासून हा प्रश्न मला वीसेक जणांनी तरी विचारला असेल. भिशीत विचारला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात धरून विचारला, पुण्याहून आईनं तर फोनवर दोनदा विचारला. 'डोंगरात धावली तुझी मैत्रीण, तू काय केलंस तिथे?' विचारणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नसतं. मी 'काही नाही हो, सोबत केली' म्हणून विषय बदलते आणि घरी आल्यावर उगाच नवऱ्यावर चिडते. एकदा लिहून टाकलेलं बरं.

आधी प्रकार काय तो सांगते. नोकरीमुळे आम्ही राहतो इंग्लंडात, लँकेस्टरला. तिथून उत्तरेला तासाभरावर लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर लागतात. तिकडे डोंगराला 'फेल' म्हणतात आणि त्यावरून धावण्याला फेल रनिंग. हे ऐकून आई म्हणाली, "नावातच नापास आहे, कशाला जाता?"

तर 1932 च्या जूनमध्ये केझिक गावात गेस्ट हाउस चालवणारे बॉब ग्रॅहम नावाचे गृहस्थ 42 शिखरं चढून-उतरून 23 तास 39 मिनिटांत परत गावात आले. वयाच्या वर्षांइतकी शिखरं, असं सांगतात. पायात टेनिसचे बूट, अंगात पायजम्यावरचा सदरा, खायला पाव-लोणी, उकडलेली अंडी, फळं आणि गोड गोळ्या. पुढची 28 वर्षं ते पुन्हा कुणाला जमलं नाही. आज त्या फेरीला बॉब ग्रॅहम राउंड म्हणतात. अंतर सुमारे 106 किलोमीटर, चढ सगळा मिळून 8,200 मीटरच्या आसपास, आणि हे सारं 24 तासांच्या आत. ही शर्यत नाही. छातीवर नंबर नाही, मेडल नाही, तारीखही आपणच ठरवायची. केझिकच्या चौकातल्या मूट हॉलच्या दाराला हात लावून निघायचं आणि त्याच दाराला हात लावून थांबायचं.

पुण्याकडची मंडळी इथे हमखास हसतात. वाटेतलं सगळ्यात उंच शिखर स्कॉफेल पाइक, तेच इंग्लंडातलं सर्वोच्च, आणि उंची 978 मीटर. आपली कळसूबाई 1,646. हसा. पण 8,200 मीटर म्हणजे समुद्रापासून कळसूबाई पाच वेळा, एका दिवसात, वाट नसलेल्या दगडधोंड्यांतून आणि पाणथळ गवतातून.

आता सोबतीचं. ज्या क्लबात या फेरीची नोंद होते त्याचा नियमच आहे की प्रत्येक शिखरावर धावणाऱ्याबरोबर साक्षीदार हवा. म्हणजे सोबत ही हौस नव्हे, ती अट आहे. खुद्द ग्रॅहम यांच्याबरोबरही माणसं होती. 2018 मध्ये किलियन जोर्नेत या स्पॅनिश धावपटूनं 12 तास 52 मिनिटांत ही फेरी मारली, तेव्हा त्याच्याबरोबरही स्थानिक धावणारे आलटून-पालटून होतेच. फेरीचे पाच टप्पे पडतात, मध्ये चार ठिकाणी गाडीरस्ता लागतो, तिथे सोबतीची माणसं बदलतात. धावणारा पाठीवर काही घेत नाही. त्याचं पाणी, खाणं, जॅकेट, नकाशा सगळं सोबत्यांच्या पाठीवर.

या कामाचे पैसे कुणी घेत नाही. माझ्या मैत्रिणीसाठी नऊ जण आले, त्यातल्या चौघांना ती नीट ओळखतही नव्हती. तिसऱ्या टप्प्याला आलेले गृहस्थ 71 वर्षांचे. 'माझ्या वेळी कुणीतरी आलं होतं' एवढंच म्हणाले. आमच्याकडे शेतीत सावड असते ना, आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही, तसंच. फरक एवढाच की इथे फेड ज्याचं घेतलं त्याला करायची नसते, पुढच्याला करायची असते.

मैत्रीण साताऱ्याची, अजिंक्यताऱ्यावर पळत मोठी झालेली. नाव लिहू नकोस असं तिनं बजावलंय. माझ्याकडे दुसरा टप्पा आला: थ्रेलकेल्ड ते डनमेल रेझ, बारा शिखरं, अख्खा रात्रीचा. फेब्रुवारीपासून मी ती वाट पाच वेळा चालून पाहिली. डोळे मिटून सांगता येईल इतकी पाठ झाली होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ती निघाली. स्किडॉ, ग्रेट कॅल्वा, ब्लेनकॅथ्रा करून पावणेअकराला थ्रेलकेल्डला उतरली. जूनमध्ये इकडे पावणेदहाला सूर्य मावळतो, त्यामुळे आकाशात अजून फिकट उजेड होता. ती हसत होती, सूप प्यायली, कुणाला तरी टोमणा मारला. अकराला आम्ही तिघं निघालो: ती, मी आणि तिच्या धावण्याच्या क्लबातला एक तरुण.

क्लफ हेडची चढण म्हणजे भिंतीला टेकवलेलं गवत. वर पोचलो आणि धुकं आलं. कपाळावरच्या दिव्याचा झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो, समोर पांढरा पडदा. दिवा काढून हातात, कमरेखाली धरला की जमीन जरा दिसते. मी तसं केलंही. ग्रेट डॉडच्या दगडांच्या ढिगाला हात लावला तेव्हा 12.51 झाले होते. मी कागदावर लिहिलं.

तिथून पश्चिमेकडे वळून वॉटसन्स डॉडला जायचं असतं. बारा मिनिटांचं काम. ते डोंगर म्हणजे पालथ्या घातलेल्या परातींसारखे, सगळीकडे सारखाच उतार आणि सारखंच गवत. पायाखाली मळलेली वाट लागली, मी म्हटलं हीच, आणि खाली सुटले. मनगटावरच्या घड्याळात नकाशाची रेषा होती, ती पाहिली नाही. कंपास खिशात होता, तो काढला नाही. पाठ होती ना वाट! तरुण मागून एकदा म्हणाला, "आपण जरा जास्तच उतरतोय का?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उतार संपेना तेव्हा थांबले, घड्याळ पाहिलं आणि पोटात गोळा आला. आम्ही डोंगराच्या भलत्याच बाजूला होतो. मग तेवढंच सगळं पुन्हा वर.

ती एक शब्द बोलली नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यामागून चढत राहिली, वर आल्यावर विचारलं, "काही खायला आहे का?" बास.

वॉटसन्स डॉडवर मी कागद काढला. साक्षीदार मी, घड्याळ माझं, अक्षर माझं. 1.25. बाराच्या जागी चौतीस मिनिटं. बावीस मिनिटांची चूक मीच माझ्या हातानं नोंदवली, बोटं गारठलेली, पेन्सिल नीट धरता येत नव्हती, तरी पाचाचा आकडा मात्र सुरेख आलाय.

त्या रात्रीत पुढे काय झालं ते भरभर सांगते, कारण मलाच धड आठवत नाही. हेलव्हेलिनवर वारा, फेअरफील्डच्या चढणीवर थोडं तांबडं फुटलं, सीट सँडलवरून उतरताना माझी नजर कंपासवरून हलली नाही. दर अर्ध्या तासानं तिला खायला देत होते. 'खाशील का?' असं विचारायचं नसतं, उत्तर कायम 'नको' येतं. हे मला आजीकडून ठाऊक. आजी सासवडची. माऊलींची पालखी दिवे घाट चढून मुक्कामाला आली की ती ओसरीवर गरम पाणी आणि तेल घेऊन बसायची. वारकऱ्यांना कधी 'दमलात का' विचारलं नाही. "पाय पुढे करा," एवढंच म्हणायची. मीही 'घे' म्हणत होते आणि तोंडाशी धरत होते.

डनमेल रेझला तिला पुढच्या मंडळींच्या हवाली केलं. ती पायी स्कॉफेलकडे गेली आणि मी गाडीनं वळसे घेत वॉसडेलला, तिसरा टप्पा संपतो तिथे. तिथे गाडीत तासभर पडले, झोप लागली नाही. डोक्यात एकच गणित चालू होतं. आमचा आराखडा 23 तास 35 मिनिटांचा होता. म्हणजे हाताशी मिनिटं पंचवीस. त्यातली बावीस मी रात्रीच खाल्ली होती.

वॉसडेल ही या फेरीतली बदनाम जागा. निम्म्याहून जास्त वाट झालेली, पाय संपलेले, गाडी समोर उभी, आणि पुढे यूबॅरो नावाचा डोंगर नाकासमोर सरळ वर जातो. फेऱ्या मोडतात त्या बहुतेक इथेच. ती वीस मिनिटं उशिरा आली. चेहरा राखेच्या रंगाचा. वाटेतल्या बोफेल शिखरापासून पोटात काही टिकत नव्हतं. तिच्या मागून येणाऱ्या 71 वर्षांच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

घडीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी थांबते. सांग सगळ्यांना."

आता ही गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. त्या क्षणी मला हायसं वाटलं. तिच्यासाठी नव्हे. ती इथेच थांबली तर फेरी मोडली पोटामुळे, वॉसडेलमुळे. माझ्या बावीस मिनिटांचा हिशेब मग कुणी मागणार नव्हतं. 'हो गं, पुष्कळ झालं, चल घरी' हे शब्द अगदी ओठांवर होते आणि ऐकायला ते किती मायेचे वाटले असते!

मी म्हटलं, "थांब की. पण आधी खा."

थर्मासमध्ये दहीभात होता. जिऱ्याची फोडणी, मीठ जरा चढं, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. रात्रभर गोड जेलची पाकिटं चोखून तिचं तोंड आंबलं होतं. पहिला घास तिनं जिभेवर नुसता धरून ठेवला. मग दुसरा घेतला. मी खाली बसून तिचे बूट काढले. मोजे ओढताना आतून वाटीभर खडी पडली. पावलं भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरी, टाचेवर फोड फुटलेला. पुसलं, पट्टी लावली, कोरडे मोजे चढवले, बूट घातले, लेस बांधल्या. तिची बोटं सुजली होती, तिला गाठ मारता आली नसती. हे सगळं मी न बोलता करत होते. बोलले असते तर बहुतेक खरं बोलून गेले असते.

डबा रिकामा झाल्यावर तिनं खाली पाहिलं. "बूट कुणी घातले?"

"मी."

"आयला," ती म्हणाली, आणि खुर्चीच्या हाताला धरून उठली. चौथ्या टप्प्याचे दोघं वाटेला लागलेच होते. 10.41 ला ती यूबॅरोच्या चढणीवर एक ठिपका झाली होती.

चौथा टप्पा संपतो त्या हॉनिस्टरला ती बरीच बरी दिसली, पण वेळ काही भरून निघाली नव्हती. शेवटचं शिखर रॉबिन्सन. ते उतरलं की केझिकपर्यंत आठेक किलोमीटर डांबरी रस्ता, आणि तिच्याकडे चाळीस मिनिटं उरली होती. ताज्या पायांनी हे कुणालाही जमेल. तिच्या पायांखालून जवळजवळ शंभर किलोमीटर गेले होते. मी पाण्याची बाटली घेऊन तिच्या उजव्या अंगाला पळत होते.

"किती झाले?"

"पळ."

"सांग ना किती झाले."

"पळ गं."

मूट हॉलच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा. चौकात आलो तेव्हा त्या घड्याळानुसार सात वाजले होते. आइस्क्रीम खाणाऱ्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं दाराला दोन्ही हात टेकले आणि कपाळही टेकलं. माझ्या मनगटावर 7.11 झाले होते.

24 तास 11 मिनिटं. क्लबात नोंद होत नाही. बावीस वजा अकरा हे गणित चौथीतल्या पोरालाही येतं, आणि माझ्या मुलानं ते जेवताना मोठ्यानं करूनही दाखवलं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: मी तिचं पाणी वाहिलं, बारा शिखरांची वेळ लिहिली, भात कालवला, लेस बांधल्या, आणि तिची बावीस मिनिटं घालवली. यातलं एक गाळून बाकीचं सांगायला मला जमत नाही, म्हणून 'सोबत केली' म्हणत होते.

पंधरा दिवसांनी ती घरी आली, लंगडत. मी वेळांचा कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला होता, तो तिच्यापुढे ठेवला आणि रात्रीपासून ठरवलेलं वाक्य सुरू केलं, "हे बघ, ग्रेट डॉडला मी—"

"चहा टाक," ती म्हणाली. कागद पालथा करून मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं पाच टप्पे लिहायला घेतले होते. पुढचा जून. दुसऱ्या टप्प्यापुढे माझं नाव.

"अगं, दुसरं कुणीतरी बघ."

"का? चुकीची वाट माहीत असलेली तू एकटीच आहेस."