आमची वाटचाल: ‘सर हँग झालंय, बंद करू का?’

ऑफिस कर्वेनगरला आणि गिऱ्हाईक सगळं भोसरी-चाकणचं, डाय-मोल्डवाले. त्यांच्या ड्रॉइंगची व्हर्जन नीट रहावी म्हणून आम्ही गिटवर (फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) चालणारं एक सोपं सॉफ्टवेअर बनवलं, ते चाललंही, पण फोन यायचा तो एकच, सर हँग झालंय, बंद करू का? आणि बंद केलं की संपलं, कारण गिटचं क्लोन, म्हणजे सर्व्हरवरून सगळं पहिल्यांदा उतरवून घेणं, मधेच तुटलं तर परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

गिट २००५ मधे लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलच्या कामासाठी बनवलं, त्यामुळे काउंटिंग ऑब्जेक्ट्स, रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स, रिझॉल्व्हिंग डेल्टाज हे मेसेज प्रोग्रामरला ठीक आहेत, टूलरूममधल्या माणसाला ते का कळावेत? त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, काम चालू आहे ना आणि मी आता उठलो तर चालेल ना.

टक्केवारीने हे कळत नाही. रिसीव्हिंगचे टक्के ऑब्जेक्ट्सच्या, म्हणजे गिट ज्या तुकड्यांत सगळं साठवतं त्यांच्या, संख्येवर असतात, एमबीवर नाही, म्हणजे एखादी जड असेंब्ली आली की आकडा ६३ वरच अडकून बसतो आणि माणूस घाबरतो. म्हणून आम्ही किती एमबी आले ते मोठ्या अक्षरात दाखवतो, तो आकडा हलत असतो.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा मेसेज. रिसीव्हिंग संपलं की डेल्टाचं काम, म्हणजे आलेल्या फरकांवरून पूर्ण फायली जुळवणं, आपल्याच मशीनवर होतं, तिथे आम्ही लिहिलं, “फायली आल्या. नेट काढलं तरी चालेल, मशीन मात्र चालू ठेवा.” मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या पोरांना याचा खरंच उपयोग होतो, साहेबांचा फोन साहेबांना परत देता येतो. फक्त मोठ्या फायली एलएफएसवर (गिटची मोठ्या फायली वेगळ्या ठेवायची सोय) असतील तर चेकआउटला, म्हणजे फायली फोल्डरमधे मांडताना, परत नेट लागतं, तिथे हा मेसेज येत नाही, उगाच खोटा धीर द्यायचा नाही हे आमच्याकडे पक्कं आहे.

सध्या पुशवर, म्हणजे आपले बदल सर्व्हरला पाठवण्यावर, काम चालू आहे. रायटिंग ऑब्जेक्ट्स १०० टक्के झालं तरी सर्व्हर नंतर नाही म्हणू शकतो, म्हणून “पोचलं” हा शब्द सर्व्हरने ब्रँच (कामाची शाखा) अपडेट झाल्याचं कळवल्यावरच दाखवायचा, तोपर्यंत “पाठवलंय, सर्व्हर तपासतोय”.