तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टा किती दिवस बांधणार?

"काकी, किती दिवस तो पट्टा बांधून फिरणार, एकदाचं हर्नियाचं ऑपरेशन करून मोकळ्या व्हा की."

ब्लाऊज शिवायला टाकायला आलेली कोण ना कोण हे म्हणतेच. नणंद म्हणते, जाऊ म्हणते, मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा हवापाण्यानंतर तिसरं वाक्य तेच. आणि मी दर वेळी आधी हेच सांगते, डॉक्टरांनी नको म्हटलंय. आता इथं खरं लिहिते, डॉक्टरांनी नको म्हटलेलं नाही. ते म्हणाले होते, "आतडं त्यात अडकलं तर करावंच लागेल, तोवर तुमची मर्जी." त्यातली मर्जी मी गाळते.

पोटावर शीची बॅग का आहे हे बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे, २०१९ चं ते रामायण परत लावत नाही. गुदाशयाचा कॅन्सर, खालची वाट कायमची शिवून बंद, डाव्या बाजूला पोटावर स्टोमा, म्हणजे बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, त्यावर बॅग, एवढं पुरे. हर्नियाचं मात्र लोकांना नीट कळत नाही, म्हणतात कॅन्सर बरा झाला आणि हे नवीन काय काढलंस. नवीन काही नाही हो. आतडं बाहेर काढायला पोटाच्या स्नायूला भोक पाडावंच लागतं, आणि ते भोक म्हणजे कापडाला पाडलेलं काज समजा. काजावर रोज ओढ बसली की ते हळूहळू सैल पडतं, मग स्टोमाच्या शेजारून आतलं आतडं पण बाहेर डोकं काढायला बघतं. माझ्या डाव्या बाजूला आता नारळाची अर्धी कवड ठेवल्यासारखा उंचवटा आहे. झोपलं की आत जातो, उभी राहिले की हजर.

सिस्टरनी बजावलं होतं, जड उचलू नका, खोकताना शिंकताना पोटावर हात धरा. सहा महिने पाळलं. पुढं काय झालं तर, २००८ साली बेळगावात काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला त्यात आमची गल्ली नव्हती, आमच्याकडे नळ येईल तेव्हा येतो, आणि आला की दिसेल ते भांडं भरून घ्यायचं, अशा वेळी कुणाला हाका मारत बसणार, मीच मेली घागरी उचलत राहिले. त्या वेळची मी आज समोर आली तर थोबाडीत देईन एक. पण ती पण गप्प बसायची नाही, म्हणेल पाणी काय तुझा बाप भरणार होता? डॉक्टर म्हणतात घागर नसती उचलली तरी कदाचित झालंच असतं, कायमची बॅग असलेल्या पुष्कळ जणांना होतं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की खरंच, ते एक त्यांनाच ठाऊक.

आता पट्ट्याचं. पहिला पट्टा एका सर्जिकल दुकानातनं आणला, तो निघाला बाळंतपणानंतर बांधतात तो, सरळसोट, भोक नाही काही नाही. त्याने बॅगच चेपली जायची, शी खाली उतरायलाच जागा नाही, वरच्या वर थापली जायची आणि बॅग ज्यावर बसते त्या पोटाला चिकटवलेल्या प्लेटच्या कडेने बाहेर. दोन साड्या गेल्या त्यात. मग कळलं की भोकवाला पट्टा वेगळा मिळतो, आपल्या मापाचा मागवायचा, बॅग त्या भोकातनं बाहेर ओढून घ्यायची. किंमत बघितली आणि हसू आलं मला. तीस वर्षं इलॅस्टिक आणि वेल्क्रोत हात घालून बसलेय मी, मी कशाला विकत आणू?

इथंच माझी मस्ती आली.

६ इंची रुंद इलॅस्टिक घेतलं, पाठीमागे दुहेरी, पुढे वेल्क्रो. भोकाला वाटी ठेवून खडूने गोल मारला, जरा लहानच मारला, म्हटलं घट्ट बसेल, हर्निया आत दाबून राहील. आणि कडा उसवू नये म्हणून आत दोरी घालून मस्त पायपिन लावलं, ब्लाऊजच्या गळ्याला लावतो तसं. इतकं साफ काम झालं होतं की मी ते शेजारणीला दाखवलं पण, पोटावरचा पट्टा कुणी दाखवतं का, पण दाखवला.

त्याच महिन्यात निपाणीला लग्न होतं, नणंदेच्या मुलाचं, २०२२ चा मे. बेळगावहून निपाणी काय, ७५ किलोमीटर, हायवेच आहे सगळा, पण वऱ्हाडाची बस म्हणजे थांबत थांबत जाणार. सकाळी सहाला पट्टा आवळून बसले ते जेवणापर्यंत सोडला नाही. पंगतीत मसालेभात वाढला, दोन घास खाल्ले आणि पोटावर काहीतरी ओलं वाटलं. लीक झालं असणार, दुसरं काय. पदर पुढे घेऊन उठले.

कार्यालयाची बाथरूम, कडी अर्धीच लागते, पाण्याचा मग गायब. एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने पट्टा सोडला, बॅग वर करून बघितली तर आत रक्त. थेंब दोन थेंब असते तर म्हटलं असतं पुसताना लागलं असेल, तसं नव्हतं, बॅगेच्या तळाला लाल जमलं होतं. आणि दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं मला. २०१८ मध्ये पहिल्यांदा रक्त दिसलं होतं तेव्हा पण दुखत नव्हतं, तेव्हा मी मूळव्याध म्हणून आठ महिने ताक आणि इसबगोल घेत काढले होते.

किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. बाहेर मंगलाष्टकांची कॅसेट संपून सनई लागलेली. मी मनात हिशोब करत होते, कशाचा तर, कपाटात शिवायचे बाकी असलेले ब्लाऊज किती, अकरा, त्यातले सहा जणींचे पैसे आधीच घेतलेले, ते परत कोण देईल. असलं काहीतरी सुचतं त्या वेळी. थोरल्या जाऊबाई दारावर थाप मारून, "काय करूलालीस गं एवढा वेळ आत?" म्हटलं पोट बिघडलंय. स्वच्छ केलं, पट्टा पर्समध्ये कोंबला, बाहेर येऊन शिरा पण खाल्ला. फोटोत मी हसतेय, बघा हवं तर.

ह्यांना रात्री दोन वाजता सांगितलं. हे उठून बसले आणि शर्टच घालायला लागले. मी म्हटलं अहो सकाळ तरी होऊ दे.

सकाळी दवाखान्यात सिस्टर नवीन होती, तिने विचारलं, "होट्टी ब्यानी ऐतेन्री अक्का?" पोट दुखतंय का. म्हटलं इल्ल, तेच तर नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, बोटाने बाजूला करून बघितलं, मग म्हणाले, इथं कडेला चीर आहे, अर्धगोल, पट्टा आणलाय का? काढून दिला. त्यांनी भोकाच्या कडेवरनं अंगठा फिरवला, दोरी घातलेल्या पायपिनवरनं, फिरवत राहिले.

"हे फिनिशिंग कुणी केलं?"

"मी."

"सुंदर आहे. काढून टाका."

मग नीट समजावलं. स्टोमा म्हणजे आतड्याचाच भाग, त्याला कापलेलं खुपलेलं कळत नाही, कातडीसारखं नाही ते. माझं भोक लहान पडलं, पट्टा प्लेटच्या रिंगवरनं सरकून थेट स्टोमावर आला आणि माझी पायपिन सकाळपासनं त्याला घासत राहिली, तरी मला कळलं नाही. भोक मोठं केलं तर हर्नियाच त्यातनं फुगून बाहेर येतो, म्हणून ते रिंगला जेमतेम धरूनच पाहिजे. आणि स्टोमा लाल ओला आहे तोवर ठीक, काळानिळा पडला, बॅगेत काही येणंच बंद झालं, उलट्या आणि पोटात कळा सुरू झाल्या तर पट्टाबिट्टा सोडून आधी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. कॅन्सरबद्दल मी विचारलंच नाही, तेच म्हणाले, ते नाहीये, तरी पण सीईए, म्हणजे कॅन्सरसाठीची रक्ततपासणी, करून घेऊ. रिपोर्ट नॉर्मल आला. घरी येताना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला लाज वाटत होती, तीस वर्षं शिवणारी बाई आणि माप चुकलं.

आता माझे दोन पट्टे आहेत, एक धुतला की एक. कडेला चपटी झिगझॅग, दोरी नाही. सकाळी उठायच्या आधी पडल्या पडल्याच हाताने तो उंचवटा आत सारते, बॅगेत दोन थेंब खोबरेल तेल आणि थोडी हवा ठेवलेली असते म्हणजे चिकटत नाही, मग पट्टा. जेवल्यावर एक बोट सैल. रात्री काढून ठेवते. परकराच्या नाडीचा आणि पट्ट्याचा रोजचा तंटा आहे त्यामुळे घरात मॅक्सीच बरी.

ऑपरेशनचं म्हणाल तर डॉक्टरांनी रिपोर्टच्या मागे काढून दाखवलंय, आतून जाळी घालायची आणि आतडं जाळी नि पोटाची भिंत यांच्या मधून वळवून बाहेर आणायचं, शुगरबेकर म्हणतात त्या पद्धतीला, १९८५ पासून आहे म्हणे, मला आधी बेकरीचंच नाव वाटलं. जाळी म्हणजे आमचं बकरम. बकरम लावलेली कॉलर पण धुवून धुवून सुटतेच कधीतरी, तसं हे पण परत होऊ शकतं, ते त्यांनी स्वतःच सांगितलं. हे मी लोकांना जोरात सांगते, पटतं पण लोकांना. पण खरं कारण ते नाहीच. लग्नसराई, मशीन, घरात कोण बघणार, ती पण नाहीत. परत शुद्धीवर यायचं आणि पोटाकडे हात न्यायचा, आता काय आहे तिथं म्हणून, ते एकदा केलंय मी. बस.

पट्ट्याने हर्निया बरा होत नाही, ठाऊक आहे मला. थोपवून धरतो, कमरेला आधार देतो, मशीनवर चार तास बसू देतो. कुणी म्हणेल भित्री, म्हणू दे. कधी कधी मला पण वाटतं की मुलगा म्हणतो ते बरोबर, अडकायची वाट बघत बसण्यात कसला आलाय शहाणपणा. दुसऱ्या दिवशी परत वाटतं, चाललंय ना.

परवा नवीन पट्टा बेतायला उंचवट्यावरनं टेप धरली. गेल्या दिवाळीत ३८ होतं, ते साडेएकोणचाळीस भरलं. दोनदा मोजलं. मापाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या मापांत लिहून ठेवलंय, नाव न घालता. ह्यांना सांगितलेलं नाही अजून, हे वाचतील तेव्हा कळेल.